भाताच्या कोठारातील भूक : रायपूरचा धडा

छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात. तरीही या भाताच्या कोठाराने दीर्घकाळ भूक सोसली. जगातील उपासमारीचे कारण अन्नाचा तुटवडा हेच आहे, असे मानणाऱ्यांनी रायपूरचा इतिहास अवश्य पाहावा.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये येथे भीषण दुष्काळ पडले. रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. पावसावर अवलंबून असलेले एकच पीक बुडाले की दोन आघात एकदम होत. शेतावरचे काम थांबल्याने मजुरी नाहीशी होई, आणि त्याच वेळी धान्याचे भाव चढत. रेल्वे येऊन पोहोचली होती. परंतु व्यापारी धान्य भुकेच्या दिशेने नव्हे, तर क्रयशक्तीच्या दिशेने वाहते. ज्याच्या हाती पैसा नाही, त्याची भूक बाजाराला मागणी म्हणून दिसतच नाही.

हीच गोष्ट अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या आधारे सिद्धांतरूपाने मांडली. देशात धान्य किती आहे यापेक्षा ते मिळवण्याचे साधन कोणाकडे आहे, हा प्रश्न त्यांनी मध्यवर्ती ठरवला.

उत्पादनाच्या बाजूने पाहता या प्रदेशाकडे उणीव नव्हती. १९७० च्या दशकात डॉ. आर. एच. रिछारिया यांनी रायपूरच्या भात संशोधन संस्थेत स्थानिक भाताचे हजारो नमुने गोळा केले. तो संग्रह आज तेथील इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आहे. एवढे वाण जोपासणारा शेतकरी मात्र गरीबच राहिला.

१ नोव्हेंबर २००० रोजी राज्य स्थापन झाले, तेव्हा रेशनची गळती मोठी होती. २००४ च्या आदेशाने स्वस्त धान्य दुकाने खासगी चालकांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि बचत गटांकडे दिली गेली. धान्य थेट दुकानापर्यंत पोहोचवले जाऊ लागले, दुकानाचे कमिशन वाढले, आणि २००७ पासून लाभार्थ्यांची संख्याही वाढवली गेली. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणावर आधारित अंदाजांनुसार २००४-०५ मध्ये सुमारे निम्मे असलेले गळतीचे प्रमाण २००९-१० पर्यंत एक दशांशाच्या आसपास आले. डिसेंबर २०१२ मध्ये, केंद्राच्या कायद्याआधीच, राज्याने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला. धान्य मिळणे ही कृपा न राहता हक्क झाला. लाभार्थी अधिक असल्याने तक्रार करणारा आवाजही मोठा झाला. सुधारणा टिकण्याचे हे एक कारण होते.

पण कथा येथे संपत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील पाच वर्षांखालील ३४.६ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. तांदूळ पोट भरतो. प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वे मात्र पुरेशी देत नाही. डाळ, अंडी, दूध, भाज्या, स्वच्छ पाणी आणि मातेचे आरोग्य यांचे वाटप अजूनही विषमच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे ७३ कोटी लोक उपाशी होते, आणि त्याच वर्षी जगाने सुमारे २८० कोटी टन तृणधान्य पिकवले. म्हणून कोणत्याही दुष्काळाचा अभ्यास करताना ‘किती पिकले?’ या प्रश्नाबरोबरच ‘ते कोणाच्या ताटात पोहोचले, आणि वाटेत कोणी अडवले?’ हेही विचारावे लागते.