रेग्युलेटरचा इतिहास आणि रेडिओवर उडणारी विमाने

विजेवर उडणाऱ्या मॉडेल विमानांचा इतिहास सांगताना सगळे श्रेय मोटर आणि बॅटरीला दिले जाते. या दोहोंच्या मध्ये बसणाऱ्या स्पीड कंट्रोलरचे नाव क्वचितच निघते. वास्तविक हा इतिहास बराचसा त्याचाच आहे. तो ठाऊक नसेल तर आज दुकानात कंट्रोलर निवडतानाही हमखास चूक होते.

माझ्या मामूंचे मोटर रिवायंडिंगचे दुकान होते. तिथे भिंतीवर पंख्याचा जुना, पेटीएवढा रेग्युलेटर होता. पंखा हळू केला की पेटीला हात लावता येत नसे. आत रोधक तारेची वेटोळी होती आणि पंख्याकडे जाऊ द्यायची नाही ती वीज त्यांत जळायची. मामू म्हणत, "पंखा धीमा होता, मीटर नै." यात थोडी अतिशयोक्ती होती, पण गोम तीच होती.

३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल एच. जे. टॅपलिन यांनी 'रेडिओ क्वीन' हे मॉडेल विजेच्या मोटरवर उडवले. रेडिओवर चालणाऱ्या विद्युत विमानाचे हे पहिले अधिकृत नोंदलेले उड्डाण. बॅटरी चांदी-जस्ताची होती. जर्मनीत फ्रेड मिलिट्की हेही याच वेडाने झपाटलेले होते. १९६० साली त्यांचे 'सिलेंटियस' हे छोटे विद्युत मॉडेल ग्राउपनर कंपनीने बाजारात आणले. पुढे २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात त्यांच्याच कल्पनेवर बेतलेले विमान माणसाला घेऊन सुमारे नऊ मिनिटे उडाले.

म्हणजे उडणे जमले होते. प्रश्न वेग कमी-जास्त करण्याचा होता. पेट्रोलसारख्या इंधनावर चालणाऱ्या इंजिनात सर्वोने कार्ब्युरेटरची झडप फिरवली की काम भागे. विजेच्या विमानात सुरुवातीला सर्वो एक बटण दाबे, म्हणजे मोटर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. मधला वेग हवा असेल तर मामूंच्या पेटीचाच भाऊ, रोधक, विमानात बसवावा लागे. सात निकेल-कॅडमियम सेलची बॅटरी ८.४ व्होल्टची. त्यातले निम्मे व्होल्ट १० अँपिअरवर रोधकात घालवले, तर ४२ वॅट नुसती उष्णता! वजनासाठी ग्रॅम-ग्रॅम मोजणाऱ्या माणसाला हे कसे परवडावे?

उत्तर आले १९७०च्या दशकाच्या शेवटी, पॉवर मॉस्फेटच्या रूपाने. वीज अडवायची नाही, तर अतिशय वेगाने चालू-बंद करत राहायची. चालू असताना मॉस्फेटचा रोध मिलिओहममध्ये असतो. ५ मिलिओहम आणि २० अँपिअर धरले तर जळतात अवघे २ वॅट. पण घाई नडलीच. सुरुवातीचे अनेक कंट्रोलर रिसिव्हरच्या संकेताच्या तालावर, म्हणजे सेकंदाला सुमारे ५० वेळाच चालू-बंद होत. निम्मा वेळ २० अँपिअर आणि निम्मा वेळ शून्य, ही सरासरी १० अँपिअरच. तरी तारेत आणि मोटरच्या वेटोळ्यांत होणारी उष्णता सलग १० अँपिअरच्या दुप्पट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गावर वाढते. नंतर हा ताल सेकंदाला हजारोंवर नेला गेला, तेव्हा कुठे अर्ध्या वेगावरचे उड्डाण खरोखर काटकसरीचे झाले.

पुढची उडी ब्रशलेस मोटरची. इथे कार्बनच्या ब्रशचे कामही कंट्रोलरनेच उचलले. तीन तारांपैकी दोनमधून वीज सोडायची आणि तिसऱ्या मोकळ्या तारेत उमटणारा व्होल्ट वाचून चुंबक कुठे पोहोचले ते ओळखायचे. मोटर थांबलेली असताना हा व्होल्ट नसतोच, म्हणून सुरू होताना ती कधी कधी अडखळते. २००० सालाच्या आसपास युरोपातील हौशी मंडळी भंगारातल्या सीडी ड्राइव्हच्या मोटरी उघडून, तार नव्याने गुंडाळून आणि निओडिमियमचे चुंबक चिकटवून विमानाला लावू लागली. हे काम मामूंना लगेच कळले असते. मात्र १४ चुंबकांची मोटर मिनिटाला १०,००० फेऱ्या घेते तेव्हा कंट्रोलरला सेकंदाला ७,००० वेळा तारांची जोडी बदलावी लागते. हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला असता.

आता निवडीकडे येऊ. '४० अँपिअर' लिहिलेला कंट्रोलर ४० अँपिअर देतो, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. प्रवाह मोटर आणि पंखा ओढतात. कंट्रोलर फक्त किती सोसू शकतो ते सांगतो. पंखा इंचभर मोठा लावला की प्रवाह भलताच वाढतो. म्हणून वॅटमीटर लावून पूर्ण वेगावर मोजावे आणि वर निदान पाचवा हिस्सा मोकळा ठेवावा. तारा लांबवायच्याच असतील तर मोटरकडच्या लांबवाव्यात. बॅटरीकडच्या तारा लांबल्या की व्होल्टचे झटके कंट्रोलरच्या कपॅसिटरला मारतात.

त्याहून घातक बाब आकड्यांच्या खाली बारीक अक्षरात असते. बहुतेक कंट्रोलर बॅटरीतूनच रिसिव्हर आणि सर्वोंना ५ व्होल्ट पुरवतात. या सोयीला बीईसी म्हणतात. तो साध्या, लिनियर जातीचा असेल तर तो पुन्हा मामूंची पेटीच! दोन सेलच्या ७.४ व्होल्ट बॅटरीवर एका अँपिअरला २.४ वॅट जळतात, चार सेलच्या १४.८ व्होल्टवर तब्बल ९.८. तिथे स्विचिंग जातीचा बीईसीच हवा.

आमच्या एका मित्राने हे पाहिले नव्हते. गावाबाहेरच्या माळावर चार सेलची बॅटरी आणि चार सर्वो लावलेले विमान जमिनीवर तपासताना उत्तम चालले. हवेत तिसऱ्या मिनिटाला त्याने ऐकणेच सोडले आणि ज्वारीच्या शेतात नाक खुपसले. शोधून उचलेपर्यंत दहा मिनिटे गेली. तोवर कंट्रोलर गार झाला होता. काठी हलवली, तर मोडक्या पंखांवरचे सर्वो पुन्हा मुकाट्याने हलू लागले.