गंज, एस.टी. आणि घाटमाथा : वाहनाच्या बॉडीच्या संरक्षणाचा इतिहास (विशेष संदर्भ : आहुपे परिसर)

प्रस्तावना :
दळणवळणाच्या इतिहासात रस्ते, पूल व घाट यांची नोंद होते. त्यांवरून धावणाऱ्या वाहनाच्या पत्र्याची मात्र सहसा होत नाही. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या कड्यावर वसलेल्या आहुपे या महादेव कोळी समाजाच्या गावाच्या दृष्टीने हा प्रश्न गौण नाही. बाजार, शिक्षण व औषधोपचार यांसाठी घोडेगाव-मंचरकडे जाणे ज्या गाडीवर अवलंबून असते, तिच्या आयुष्याचा निर्णय इंजिनाइतकाच तिची बॉडीही करते. प्रस्तुत लेखात राज्य परिवहनाने गंजाशी दिलेल्या झुंजीचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

लाकूड, पोलाद व अ‍ॅल्युमिनियम :
१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्या काळच्या गाड्यांच्या बॉड्या लाकडी व आसने काथ्याची होती. लाकूड गंजत नाही. परंतु ते कुजते. पुढे लाकडाची जागा पोलादाने घेतली आणि गाडी मजबूत झाली, पण त्याबरोबर गंजाचा प्रश्नही आला. विशेषतः कोकणपट्टीत खाऱ्या हवेने पोलादी पत्रा लवकर पोखरला जाऊ लागला. म्हणून १९६० मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या बॉड्या स्वीकारण्यात आल्या आणि गाड्यांचा निळा-रुपेरी रंग जाऊन लाल रंग आला. आज ‘लालपरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाडीच्या घडणीत गंजाचा असा वाटा आहे.

अ‍ॅल्युमिनियमवर हवेच्या संपर्काने ऑक्साइडचा पातळ, चिवट थर तयार होतो व तोच धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. तो ओल धरून ठेवतो आणि क्षरण चालूच राहते. तथापि, अ‍ॅल्युमिनियमही निर्धोक नाही. ओलाव्यात त्याचा पोलादाशी थेट स्पर्श झाल्यास सांध्यापाशी अ‍ॅल्युमिनियमच झिजते. म्हणून दोन धातूंमध्ये रंगाचे वा रबराचे अस्तर ठेवावे लागते.

घाटमाथ्याचे हवामान :
आहुप्याच्या हवेत समुद्रकिनाऱ्याइतके मीठ नाही. पण पावसाळ्याचे चार महिने धुके व पाऊस यांमुळे पत्रा कोरडा होण्यास अवधीच मिळत नाही. क्षरणाचा वेग केवळ पर्जन्यमानावर नव्हे, तर पृष्ठभाग किती काळ ओला राहतो यावर ठरतो. चाकांवरच्या पोकळीत व दारांच्या तळाशी साचलेला चिखल हीच ओल पुढेही टिकवतो. त्यामुळे गाडीचा खालचा भाग धुणे, पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवणे व ओरखड्यांवर वेळीच प्राइमर देणे, हे साधे उपाय येथे अधिक मोलाचे ठरतात.

या संदर्भात हिरड्याचा उल्लेख आवश्यक आहे. आहुपे-भीमाशंकर परिसरातील आदिवासी कुटुंबांच्या उत्पन्नाचे हे एक प्रमुख वनोपज होय. हिरड्यातील टॅनिनचा लोहक्षारांशी संयोग होऊन काळे संयुग बनते. जुन्या शाईचा आधार हाच होता. आधुनिक गंजरोधक द्रावणांतही टॅनिक आम्ल वापरले जाते. ते पत्र्यावरील गंजाचे तुलनेने स्थिर, काळसर थरात रूपांतर करते व त्यावर रंग देता येतो.

पुन्हा पोलादाकडे :
२०१८ च्या सुमारास महामंडळ पुन्हा पोलादी बॉड्यांकडे वळले. अपघातात अ‍ॅल्युमिनियमची बॉडी चेपते व प्रवाशांना पुरेसे संरक्षण मिळत नाही, हे त्यामागील कारण होते. म्हणजे सहा दशकांपूर्वी ज्या धातूला गंजामुळे निरोप दिला, त्यालाच सुरक्षिततेसाठी परत बोलावले गेले. दरम्यान फॉस्फेटचा थर, जस्ताचा मुलामा व विद्युत्-निक्षेपित प्राइमर या पद्धती वाहन उद्योगात रुळल्या होत्या; त्यामुळे पोलादाचा गंज आवाक्यात ठेवणे पूर्वीपेक्षा शक्य झाले होते.

निष्कर्ष :
गंजापासून संरक्षण हा केवळ रसायनशास्त्राचा विषय नसून सार्वजनिक अग्रक्रमांचाही आहे. टिकाऊपणा, सुरक्षितता व खर्च यांचा मेळ प्रत्येक पिढीने आपापल्या परीने घातला. कोकणातील अनुभवाने १९६० चा निर्णय घडविला. आता पोलादी गाडी घाटमाथ्यावर टिकवायची असेल, तर देखभालीचे वेळापत्रक सर्वत्र एकच ठेवून भागणार नाही. आहुप्यासारख्या मार्गांच्या ओल्या महिन्यांचा त्यात स्वतंत्र विचार व्हावयास हवा. शेवटच्या थांब्यावरील प्रवाशाचा प्रवासाचा हक्क अशा बारीक तरतुदींवरच उभा असतो.