थोरले माधवराव आणि त्यांचीं माणसें

थोरल्या माधवराव पेशव्यांचें नांव निघालें म्हणजे त्यांच्या अकालीं मृत्यूबद्दल हळहळून थांबण्याची आपली जुनी चाल आहे. परंतु मोडकळीस आलेलें राज्य या तरुणानें सहकाऱ्यांच्या हातून कसें सावरून घेतलें, हा प्रश्न हळहळीपेक्षां अधिक मोलाचा आहे.

पानिपतचा संहार १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला, जूनमध्यें नानासाहेब वारले आणि जुलैत सोळा वर्षांच्या माधवरावांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. खजिना रिता होता, आणि चुलते रघुनाथराव कारभार आपल्याच मुठींत ठेवूं पाहत होते. नोव्हेंबर १७६२ मध्यें दोघांचीं सैन्यें एकमेकांवर चालून गेलीं. रघुनाथरावांस निजामाचें पाठबळ होतें. भांडण लांबतें, तर राज्याचेच लचके तुटते. हें ओळखून माधवराव आळेगांवास आपण होऊन चुलत्यांच्या स्वाधीन झाले. मानापेक्षां कार्य मोठें मानण्याचा हा त्यांचा पहिला धडा. पुढें १० ऑगस्ट १७६३ रोजीं राक्षसभुवनावर त्याच चुलत्यांच्या जोडीनें लढून त्यांनीं निजामाचा मोड केला, आणि तेथून कारभाराचीं सूत्रें त्यांच्या हातीं येऊं लागलीं.

दुसरा धडा रामशास्त्री प्रभुण्यांनीं दिला. पेशवे जपानुष्ठानांत मग्न राहून राजकाज बाजूस ठेवतात, असें पाहून शास्त्रीबोवांनीं काशीस जाण्याची रजा मागितली. तपच करावयाचें असेल तर राज्य सोडावें, असें स्पष्ट सुनावलें. आणि माधवरावांनीं अनुष्ठान सोडलें. ही आख्यायिका म्हणून सोडून दिली, तरी असा निःस्पृह पुरुष त्यांच्या पदरीं अखेरपर्यंत न्यायाधीश राहिला, ही आख्यायिका नव्हे. अप्रिय सत्य सांगणारा माणूस जवळ ठेवणें हें धन्याचें औदार्य नसून त्याची गरज आहे.

मृदुता म्हणजे दुबळेपणा मात्र नव्हे. रघुनाथरावांनीं पुन्हां बंड मांडतांच १७६८ त धोडपला त्यांचा पाडाव करून त्यांस शनिवारवाड्यांत नजरकैदेंत ठेविलें.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, क्षयानें त्यांचा अंत झाला. खरी कसोटी त्यानंतरची आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणरावांचा खून झाला. तेव्हां रघुनाथरावांस दोषी ठरविण्याचें धैर्य रामशास्त्र्यांनीं दाखविलें. नाना फडणीस, हरिपंत फडके प्रभृतींनीं बारभाईंचें कारस्थान उभारून गादी राखली. आणि उत्तरेंत महादजी शिंदे पुढें आले. यांतील बहुतेकांचें कर्तृत्व माधवरावांच्या कारकीर्दींत कसास लागलेलें होतें. घरांतील वैर त्यांना मिटवितां आलें नाहीं, धाकट्या भावास वेळीं तयार करतां आलें नाहीं, हें उणें खरेंच. तथापि ज्याच्या मागें त्याचीं माणसें उभीं राहतात, त्याचें नेतृत्व त्याच्याबरोबर सरत नाहीं. आज एखादी शाळा वा मंडळी चालविणाऱ्यानेंही आपल्या कामाचें मोल याच मापानें करावें.