घारापुरीचा हरवलेला शिलालेख

कफ परेडच्या मच्छीमार नगरातील कोळी बांधवांच्या होड्या मागे टाकून आम्ही अपोलो बंदर गाठले व घारापुरीच्या लाँचमध्ये बसलो. तासाभरात बेट आले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडलेला हा काळा कातळ. सहाव्या शतकाच्या सुमारास कारागिरांनी तो कोरून शिवाचे लेणे साकारले.

१५३४ च्या वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. येथील दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. तो हत्ती आज भायखळ्यास जिजामाता उद्यानात उभा आहे. लेण्याच्या दारावरील शिलालेख मात्र परत आला नाही. तो वाचू शकेल असा कोणी न मिळाल्याने पोर्तुगालच्या राजाकडे धाडण्यात आला, असे त्यांचाच इतिहासकार दियोगो दु कोतो लिहून ठेवतो. लेणे कोणी कोरविले, हे सांगू शकणारा साक्षीदार असा नाहीसा झाला.

मूर्तींच्या झिजेत काळाचा व पाण्याचाही वाटा आहे. पण तो दगड नेणारे हात ख्रिस्ती होते, हे आम्ही नाकारू शकत नाही. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा अव्हेरीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली घोषित केले. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या गतकालीन अपराधांबद्दल क्षमायाचना केली. त्रिमुखी सदाशिवासमोर आम्ही काही काळ मौन उभे राहिलो. पापनिवेदनाचा आरंभ सत्य सांगण्यानेच होतो.