जाते गेले, पाटा राहिला

दिवाळी चार दिवसांवर आली की पूर्वी घराघरांतून जे नाद उठत, त्यांची यादी आता आठवून करावी लागते. चकलीची भाजणी दळणाऱ्या जात्याची घरघर, अनारशाच्या तांदळावर पडणाऱ्या मुसळाचे ठोके, खलबत्त्यात वेलदोडे कुटल्याची किणकिण आणि पाट्यावर उटणे वाटणाऱ्या वरवंट्याची सरसर. आमच्या कसबा बावड्यात आता भाजणी गिरणीतून येते, वेलदोड्याची पूड मिक्सरमधून निघते आणि उटणे पुडीतून. आपण सहज म्हणून जातो, "जुन्या वस्तू गेल्या!" परंतु त्या एका दमात गेलेल्या नाहीत. जाते आणि उखळ आधी गेले. पाटा मात्र पुष्कळ घरांत अजून भिंतीला टेकून उभा आहे, आणि नुसता उभा नाही, राबतो आहे. आधी कोण गेले, मागे कोण राहिले आणि का, हा स्वयंपाकघराचा इतिहास आहे. बखरकारांनी तो लिहिला नाही, कारण बखरकार जेवायला बसत. वाटायला बसत नसत.

या घराण्यात वयाने वडील पाटाच. सपाट दगडावर दुसरा दगड पुढे-मागे ढकलून धान्य भरडण्याची युक्ती माणसाला शेती येण्याच्याही आधीची. मोहेंजोदडोच्या उत्खननात असे दगड पुष्कळ सापडले. ते उत्खनन करणाऱ्या मॅके साहेबांनी त्यांचे दोन प्रकार नोंदवले आहेत. एक धान्य रगडण्याचा आणि दुसरा मधे खोलगट, कुटण्या-ठेचण्याचा. या दुसऱ्या दगडाला खोदकामावरचे मजूर पाहताक्षणी मसाल्याचा दगड म्हणू लागले. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीची लिपी आजही पंडितांना वाचता येत नाही, पण त्याच घरातला दगड मजुरांनी एका नजरेत वाचला! आपल्याकडे घोड नदीकाठच्या इनामगावातही, तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांतून, असे रगडण्याचे दगड निघाले आहेत.

गोल फिरणारे जाते त्या मानाने धाकटे. ते सातवाहनांच्या काळाच्या सुमारास आपल्याकडे दिसू लागते. त्या काळचे गाव पाहायला आम्हा बावडेकरांना दूर जावे लागत नाही. बावड्याच्या दक्षिणेला, पंचगंगेच्या काठी, ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी ती खणली, तेव्हा खाली विटांच्या घरांचे सातवाहनकालीन नगर निघाले. समुद्रापलीकडच्या रोमन जगाशी त्या नगराचा व्यवहार होता. ब्रह्मपुरीत मिळालेली पोसायडन या सागरदेवाची इवलीशी कांस्यमूर्ती प्रसिद्धच आहे. संग्रहालयात तिच्याभोवती गर्दी जमते. परंतु त्याच सांकळियांना जात्यासारख्या साध्या दगडाचेही मोल होते. भारतातील फिरत्या जात्यांवर त्यांनी १९५९ साली एका इंग्रजी संशोधनपत्रिकेत स्वतंत्र लेख लिहिला. देवाच्या मूर्तीवर लिहिणारे पुष्कळ. जात्यावर लिहिणारा विरळा.

उखळाचा मान तर वेदातला. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील अठ्ठाविसाव्या सूक्तात उखळ-मुसळाला सोमरस काढणाऱ्या साधनांचा मान मिळाला आहे. मनुस्मृतीने मात्र याच मंडळींना दुसऱ्या पंक्तीला बसवले. गृहस्थाच्या घरी नकळत जीवहत्या होते अशी पाच ठिकाणे तिने सांगितली आहेत: चूल, वाटण्या-दळण्याचा दगड, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचे भांडे. त्या दोषाच्या निवारणासाठी गृहस्थाला रोजचे पाच महायज्ञ नेमून दिले. दगडाखाली सापडलेल्या मुंगीचा हिशेब असा काटेकोर ठेवला गेला. दगड ढकलणाऱ्या हाताचा हिशेब मात्र कोणत्याच पोथीत नाही.

तो हिशेब हाडांनी ठेवला आहे. सीरियातील अबू हुरैरा या अतिप्राचीन वस्तीतले सांगाडे थिया मॉलेसन या विदुषीने तपासले आणि १९९४ साली आपले निष्कर्ष मांडले. बायकांच्या पायाची बोटे वाकलेली, गुडघे झिजलेले आणि पाठीचे मणके दुखावलेले होते. गुडघ्यांवर बसून, पायाची बोटे मागे रेटून, तासन् तास धान्य रगडल्याची ती खूण. माणसाने भाकरी खायला सुरुवात केली, त्याची पावती बाईच्या पाठीवर उमटली.

आपल्या भाषेलाही हे ठाऊक आहे. सुपातले हसतात नि जात्यातले रडतात. उखळात डोके घातल्यावर मुसळाला काय भ्यायचे. आंधळे दळते नि कुत्रे पीठ खाते. या म्हणी कोणा कवीने माडीवर बसून रचलेल्या नव्हेत. आणि जनाबाईची कथा पाहा. भक्ताच्या हाकेला देव धावून आला, असे सगळेच संत सांगतात. पण जनीच्या घरी देव आला तो दळू लागला! गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून दाखवले जाणारे जाते पाहताना माझ्या मनात नेहमी येते, की आमच्या बायकांनी देवाकडून मागावी अशी सर्वांत मोठी मदत कोणती मानली, तर पहाटेच्या दळणाला समोरून एक हात.

ओवीचे ऋण मी विसरत नाही. बहिणाबाई चौधरींची कविता घरोटाच्या, म्हणजे जात्याच्याच, संगतीत वाढली; १९५१ साली त्या गेल्यावर पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपाने आली आणि महाराष्ट्र थक्क झाला. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढे अक्षरधन दुसऱ्या कोणत्या अवजाराने दिले? तरीही मनात एक विचार येतोच. दळणे इतके लांब आणि एकसुरी होते, म्हणून गाणे लागले. ओवी ही जात्याची देणगी खरी, पण तो जात्यावरचा उताराही होता.

आमची आजी लग्न होऊन आली तेव्हा घरात तेरा माणसे होती. पहाटे कोंबडा आरवायच्या आत ती नि तिची थोरली जाऊ खुंट्याला हात घालत, तेव्हा कुठे दिवसाच्या भाकरीपुरता जोंधळा दळून होई. मी लहानपणी शाळेतली एक ओवी पाठ करून तिला म्हणून दाखवली आणि म्हटले, "आजी, जातं किती छान होतं गं!" ती हसली. म्हणाली, "बाई, जात्यासाठी कशाला रडतीस? गिरणी आली त्या दिवशी मी देवाम्होरं साखर ठेवलीया."

ती साखर कशाची होती हे मला शिक्षिका झाल्यावर कळले. ज्या शाहू महाराजांचा जन्म १८७४ साली आमच्या बावड्याच्या लक्ष्मीविलास वाड्यात झाला, त्यांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शाळेचे दार उघडले. पण दारापर्यंत पोहोचायला मुलीला सकाळ मोकळी हवी ना! आजीच्या घरची सकाळ जात्याने आधीच घेतली होती. पीठ गिरणीतून येऊ लागले, तेव्हा माझ्या आईला सकाळ मिळाली, आणि आईला मिळाली म्हणून मला. हजेरीपटावर मुलींची नावे वाचताना मला कधीकधी त्या गिरणीच्या पट्ट्याची फटफट ऐकू येते.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लोकांचे दळण-कांडण करून मुले वाढवणाऱ्या विधवा गावोगाव होत्या. 'आईने दळणे दळून शिकवले' हे वाक्य किती मोठ्या माणसांच्या चरित्रांत येते! गिरणीने सुनांची पहाट सोडवली, तशी या बायांची मिळकतही नेली. त्यांच्यासाठी कोणी साखर ठेवली नाही.

हातजात्याची बाजू घेणारेही थोर होते. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पांनी हातसडीच्या तांदळाचा नि हातजात्याच्या पिठाचा पुरस्कार चालवला. तो केवळ भाबडेपणा नव्हता. गिरणीत गुळगुळीत केलेल्या तांदळाचा आणि बेरीबेरी रोगाचा संबंध जावा बेटात डॉ. आइकमन यांना कोंबड्यांच्या खाद्यावरून उमगला होता. त्या संशोधनाला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जो कोंडा आपण टाकून देतो, त्यातच जीवनसत्त्व असते. पुढे १९५८ साली भात गिरण्यांचे नियमन करणारा कायदा झाला, त्यामागे हातसडीला आधार देण्याचाही हेतू होता. १९९७ साली तो रद्द झाला. हातसडी त्याच्या आधीच हरली होती. सरकार कायदा करू शकते. मुसळ उचलू शकत नाही.

गांधीजींची एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. जोहान्सबर्गला असताना त्यांनी सात पौंडांना एक हातजाते विकत घेतले, आणि ते फिरवायला स्वतः गांधीजी, त्यांचे मित्र पोलाक आणि मुले बसत. जुन्या अवजाराचे गुण गाण्याचा अधिकार असा मिळवावा लागतो. 'हातच्या दळणाची चव काही औरच' असे पानावर बसून म्हणणारे पुष्कळ झाले. त्यांतल्या किती जणांच्या तळहाताला खुंट्याचे घट्टे होते?

मग पाटा का राहिला? मिक्सर काही काल आलेला नाही. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाच्या अभियंत्यांच्या घरी जर्मन बनावटीच्या मिक्सरची मोटर आपल्या वाटणाला टिकली नाही, तेव्हा त्यांनी देशी मसाल्याला पुरून उरेल असा मिक्सर बनवला. त्या 'सुमीत'ने पाट्यावरचा भार पुष्कळ उतरवला. पण मिक्सरचे पाते मिनिटाला हजारो फेऱ्या घेत जिन्नस कापते आणि तापवते. वरवंटा चिरडतो, रगडतो. खोबऱ्यातले तेल, लसणीचा रस, तिळाचा स्निग्धपणा तो दाबून बाहेर काढतो आणि एकमेकांत जिरवतो, तेही थंडपणे. खर्डा पाट्यावर रगडलेला असतो. मिक्सरमधून निघते तो मिरचीचा लगदा.

यात एक गंमत आहे. कोल्हापूरचे नाव ज्या मिरचीवर गाजते, ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आली. त्याआधी आमच्या पाट्यावर मिरे, सुंठ नि पिंपळीच तिखटपणाची चाकरी करीत. म्हणजे पाटा जुना, तिखट नवे! आणि मिरची जिथून निघाली त्या मेक्सिकोतही तीन पायांचा दगडी पाटा आहे; मेटाटे त्याचे नाव. एका पाट्यावरून निघालेली मिरची समुद्र ओलांडून दुसऱ्या पाट्यावर येऊन बसली.

कोल्हापूरने यंत्राशी जो समेट केला, तोही पाहण्याजोगा आहे. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची, म्हणजे मिरची, खोबरे, तीळ, धणे, कांदा-लसूण एकत्र कांडून ठेवायचे. हे काम आजही पुष्कळ घरे डंकावर नेतात. डंक म्हणजे काय? विजेवर चालणारे उखळच. जड लोखंडी मुसळे आळीपाळीने वर जातात आणि खाली आदळतात. कृती वेदातली, कष्ट मोटरचे. तिकडे कोईमतुरात १९५५ साली पी. सभापती यांनी हेच शहाणपण केले. इडलीचा दगडी रगडा तसाच ठेवला आणि त्याला मोटर जोडली. जुने की नवे, असा प्रश्न त्यांना पडला नाही. दगडाचे काम दगडाला आणि हाताचे श्रम यंत्राला, अशी त्यांनी वाटणी केली.

या साऱ्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. ज्या अवजाराने बाईचा दिवस खाल्ला, ते तिने पहिली संधी मिळताच घराबाहेर काढले, मग त्याच्याभोवती कितीही ओव्या गुंफलेल्या असोत. ज्याने दहा मिनिटे मागितली आणि बदल्यात चव दिली, ते तिने ठेवले. पाटा राहिला तो परंपरेच्या धाकाने नव्हे. वाटणारणीच्या पसंतीने राहिला. आणि ती पसंती तिची तिने करायची आहे. तिच्या हातचे खाणाऱ्यांनी नव्हे.

म्हणून माझ्या घरी रीत ठरली आहे. रोजचे वाटण मिक्सरवर. पण ज्याला पाट्यावरची चटणी हवी, त्याने पाट्याशी बसावे, मग तो घरचा कर्ता पुरुष का असेना. माझा मुलगा आता हिरव्या मिरचीचा खर्डा असा रगडतो की शेजारणी चव पाहायला येतात. पाट्याला टाकी लावणारीण आता वर्षा-दोन वर्षांतून एखादे वेळी आमच्या गल्लीत येते. गेल्या खेपेस तिने पाटा उन्हात आडवा केला, टाक्या घालून खरखरीत केला नि वर पाणी ओतून धुतला. मग मला विचारले, "बाई, ह्यावर वाटतंय कोण तुमच्यात?" मी मुलाकडे बोट दाखवले. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि हातोडी पिशवीत टाकत म्हणाली, "मग टिकतोय पाटा."