तात्यांचा जर्मन जायरो

तात्या, म्हणजे माझे चुलत आजोबा, दाभोळकडचे. मालवाहू जहाजांवर सुकाणी होते. सुट्टीवर आले की रात्री ओटीवर वादळांपेक्षा ‘जर्मन जायरो’चंच, म्हणजे जहाजावरच्या जायरो होकायंत्राचंच, जास्त बोलायचे. बंदर सोडायच्या चार-पाच तास आधी तो चालू करावा लागे. उत्तर धरून स्थिरावायला त्याला तेवढा वेळ लागतोच. मग सुकाणूसमोरच्या तबकडीची टिकटिक. जहाज जरासं वळलं तरी टिक. अंधाऱ्या पहाऱ्यात तात्यांना जहाजाचं वळणं आधी कानाला कळायचं.

हा जायरो जर्मनीतल्या कील बंदरातल्या ‘अन्शुट्झ’ कंपनीचा. तिचा संस्थापक हेर्मान अन्शुट्झ-केम्फे शिकलेला कलेचा इतिहास, आणि डोक्यात वेड एकच: पाणबुडीतून, बर्फाखालून उत्तर ध्रुव गाठायचा. पण पोलादी पाणबुडीत चुंबकसुई भरकटते आणि ध्रुवाजवळ तर तिचा भरवसाच नाही. म्हणून त्यानं मिनिटाला वीस हजारांच्या घरात फेरे घेणारं चक्र हाती घेतलं. ते नीट टांगलं, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्याचा आस हळूहळू खऱ्या उत्तरेकडे वळतो. भोवतालच्या लोखंडाशी त्याला देणंघेणं नसतं. 1905 साली कंपनी निघाली. 1908 मध्ये ‘डॉइचलांड’ या युद्धनौकेवर चाचणी झाली.

1910 साली एल्मर स्पेरीनं अमेरिकेत, ब्रुकलिनला, आपली जायरोची कंपनी काढली आणि पेटंटचं भांडण बर्लिनच्या कोर्टात गेलं. तज्ज्ञ म्हणून नेमले गेले आल्बर्ट आईनस्टाईन. 1915 साली निकाल अन्शुट्झच्या बाजूनं लागला. मला मात्र पुढचं जास्त मोलाचं वाटतं. आईनस्टाईन या यंत्रात गुंतले, कीलला जात राहिले. द्रवात तरंगणारा जायरोचा गोळा विद्युतचुंबकी वेटोळ्यानं मधोमध कसा राखायचा, ही युक्ती त्यांची.

तात्यांच्या बोलण्यात आईनस्टाईन कधी आले नाहीत. त्या गोळ्याच्या द्रवातलं डिस्टिल्ड पाणी आणि ग्लिसरीन मात्र यायचं. आणि एक गोष्ट ते बजावून सांगत: जायरो कितीही चांगला असो, दर पहाऱ्याला चुंबकी होकायंत्राशी ताडून बघायचाच.

अन्शुट्झ 1931 साली वारला, ध्रुव न बघताच. 1958 च्या ऑगस्टमध्ये ‘नॉटिलस’ ही अमेरिकी पाणबुडी बर्फाखालून ध्रुव ओलांडून गेली. तिच्यात जायरो होता, पण स्पेरीचा. तात्यांनी ती बातमी जहाजावर रेडिओवर ऐकली होती. तिच्यात अन्शुट्झचं नाव आलं असेल असं मला वाटत नाही. यायला हवं होतं.