पुण्यातील प्लेग-नियंत्रण मोहीम, १८९७

पुणे शहरात गाठीच्या प्लेगची पहिली मोठी साथ पसरली असता ती आटोक्यात आणण्यासाठी मुंबई सरकारने मार्च ते मे १८९७ या काळात लष्कराच्या साहाय्याने राबविलेली सक्तीची मोहीम. साथरोगासंबंधीचा नवा कायदा, जंतुशास्त्राचे नवे ज्ञान आणि सैनिकी यंत्रणा या तिन्हींचा एकाच वेळी व एकाच शहरावर प्रयोग झाल्याचे हे भारतातील आरंभीचे ठळक उदाहरण होय. रँडचा वध व लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला या दोन घटनांमुळे राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात या मोहिमेला स्थान मिळाले. तथापि राज्यकर्ते व रयत यांच्यातील विश्वास कसा तुटतो आणि त्याचे परिणाम रोगनिवारणावर कसे होतात, या दृष्टीनेही तिचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे.

मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगश यांनी प्लेगचे निदान केले. ‘ग्रंथिक सन्निपात’ किंवा ‘गाठीचा ताप’ या नावांनी तो महाराष्ट्रात ओळखला जाऊ लागला. मुंबईहून घाबरून निघालेले लोक रेल्वेने पुण्यास येऊ लागले व त्यांच्याबरोबर रोगही आला. व्यापार व दळणवळण यांची वाढ ज्या साधनाने झाली, त्याच साधनाने साथीलाही वेग दिला. १८९६ च्या अखेरीस पुण्यातील रहिवाशांतही लागण दिसू लागली. फेब्रुवारी १८९७ च्या अखेरीपर्यंत मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या दुपटीवर गेले आणि शहरातील निम्म्याच्या आसपास लोक बाहेर पडले.

सरकारच्या तातडीमागे केवळ प्रजेची काळजी नव्हती. भारतातून येणाऱ्या जहाजांवर व मालावर निर्बंध घालण्याचा विचार यूरोपीय राष्ट्रे करीत होती आणि याच सुमारास व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली होती. साथ रोखण्यासाठी आपण काहीही करण्यास कचरत नाही, हे जगाला दाखविणे ब्रिटिश सरकारला भाग होते. या पार्श्वभूमीवर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी ‘साथरोग अधिनियम’ संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. चालू कायदे अपुरे वाटल्यास सरकारने हवी ती तात्पुरती उपाययोजना करावी, असा अधिकार दुसऱ्या कलमाने दिला. आज्ञाभंगासाठी भारतीय दंडसंहितेनुसार शिक्षा तिसऱ्या कलमाने ठरविली. या कायद्याखाली सद्‌भावनेने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कोणाही व्यक्तीवर दावा चालणार नाही, असे चौथ्या कलमाने सांगितले. अधिकाऱ्याने काय करावे याला मर्यादा नव्हती व काय केले याचा जाब विचारण्याची सोय नव्हती. पुढे जे घडले त्याचे बीज अधिकाऱ्यांच्या स्वभावापेक्षा या रचनेत अधिक आढळते.

मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी सातारा येथील साहाय्यक जिल्हाधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड याची पुण्यास नेमणूक केली. त्याच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीत लष्करातील वैद्यकीय अधिकारी बेव्हरिज हा होता. हाँगकाँगच्या साथीचा त्याला अनुभव होता. रँड कर्तबगार व शिस्तीचा असला, तरी वाई येथील वाद्यांच्या प्रकरणातील त्याच्या कठोर निकालांमुळे ब्राह्मणवर्गात त्याच्याविषयी आधीच अढी होती. ही नेमणूक करताना पुण्याची नगरपालिका जवळजवळ बाजूला सारण्यात आली. लोकांनी निवडून दिलेले सदस्य जिच्यात होते आणि शहराची बोळे व वाडे जिला ठाऊक होते, ती एकमेव संस्था अशा रीतीने निर्णयातून वगळली गेली.

झडतीसत्र : मार्चच्या मध्यास घरझडत्या सुरू झाल्या. त्यांसाठी डरहॅम लाइट इन्फंट्री या पलटणीतील गोरे शिपाई व काही देशी शिपाई नेमले होते. एखादी पेठ पहाटे वेढावयाची, तुकड्यांनी वाड्यावाड्यांत शिरून माणसे अंगणात वा रस्त्यावर आणावयाची, काखेत व जांघेत गाठ आहे का ते पाहावयाचे, संशयिताला रुग्णालयात व त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत न्यावयाचे, अशी कामाची पद्धत होती. मागाहून येणारी तुकडी घर धुवून काढी. जंतुनाशके फवारली जात, भिंतींना चुना फासला जाई, जमीन उकरली जाई आणि दूषित वाटलेले कपडेलत्ते व सामान जाळले जाई. मृत्यूची नोंद झाल्याखेरीज प्रेतसंस्कारास मनाई होती. रेल्वेस्थानकावर उतारूंची तपासणी होई, ती वेगळीच.

स्त्रियांचा मान राखावा, धार्मिक भावना दुखवू नयेत अशा सूचना होत्या. त्या कागदोपत्रीच होत्या असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु भाषा न जाणणारा परदेशी शिपाई देवघरात वा माजघरात बुटांसह शिरतो, तेव्हा त्या सूचनांचा घरातल्यांना काही उपयोग नसतो. सोवळेओवळे, पडदा व कुटुंबातील आजाऱ्याची शुश्रूषा घरच्यांनीच करण्याची रीत या साऱ्यांवर एकदम आघात झाला. देवाच्या मूर्ती फेकल्या गेल्या, वस्तू चोरीस गेल्या, स्त्रियांची अवहेलना झाली अशा तक्रारी आल्या. बहुतेक तक्रारी समितीने अतिरंजित ठरविल्या. पंडिता रमाबाईंनीही सरकारी व्यवस्थेतील स्त्रियांच्या हालांबद्दल वृत्तपत्रातून लिहिले. त्या सनातनी पक्षाच्या नव्हत्या व सरकारच्या शत्रूही नव्हत्या. तरीही सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे खोडून काढले. तक्रार खरी की खोटी हे ठरविणारी त्रयस्थ यंत्रणाच नसल्याने खऱ्याला न्याय मिळाला नाही व खोट्याचे निरसनही झाले नाही.

याचा परिणाम उलटा झाला. लोक आजारी माणसांना माळ्यांवर, कोठीत लपवू लागले, मृत्यू दडवू लागले. इस्पितळात रोग्यांना मारतात, त्यांच्या देहातून औषधासाठी तेल काढतात, अशा अफवा मुंबईप्रमाणे येथेही पसरल्या. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली होती. अशा अफवांना अडाणीपणा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण ज्या इस्पितळात नेलेला माणूस बहुधा परत येत नसे आणि नातलगांना त्याच्याजवळ थांबता येत नसे, त्याविषयी दुसरा कोणता समज होणार होता? शोधपथकांनी जितकी घरे उघडली, त्या मानाने त्यांना फार थोडे रोगी सापडले.

लोकांच्या सहभागाने काय होऊ शकते, याचे दाखले त्याच शहरात होते. टिळकांनी शहर सोडले नाही. हिंदूंसाठी खाजगी रुग्णालय काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर ‘केसरी’तून त्यांनी कठोर टीका केली. मुसलमान व पारशी समाजांनीही आपापल्या रुग्णालयांची व्यवस्था केली आणि आपल्या माणसांच्या हाती असलेल्या या ठिकाणी रोगी नेण्यास लोकांचा विरोध कमी होता. सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरनजीक माळावर रुग्णसेवा चालविली. रोग्याच्या सेवेतच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. झडत्या सुरू झाल्या त्या यानंतर थोड्याच दिवसांनी.

अपुरे शास्त्र : या प्रकरणात एका गोष्टीकडे बहुधा दुर्लक्ष होते. सरकार शास्त्राच्या बाजूस व लोक रूढीच्या बाजूस होते, अशी मांडणी केली जाते. ती पूर्णतः खरी नाही. प्लेगचा सूक्ष्मजंतू आलेक्सांद्र येर्सें यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोधला होता. परंतु तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे १८९७ मध्ये कोणालाही निश्चित ठाऊक नव्हते. दूषित घर, जमीन, कपडे व रोग्याचा सहवास यांवर समितीचा रोख होता. उंदरांवरील पिसवा हे रोगवाहक आहेत, असे पॉल-लुई सीमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीतील प्रयोगाने दाखविले. ते मान्य होण्यास आणखी आठ-दहा वर्षे लागली. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने केलेल्या प्रयोगांनी ते निर्विवाद ठरले. म्हणजे चुना, कार्बॉलिक अम्ल व माणसांच्या शरीराची तपासणी यांवर सारी शक्ती खर्च होत असता उंदरांचा प्रश्न बाजूलाच राहिला. उलट, उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपड्यांत राहावयास जाणे, हा लोकांनी अनुभवाने शोधलेला उपाय शास्त्रीय कसोटीवर अधिक योग्य ठरला. शहर सोडणाऱ्या पुढाऱ्यांवरील टिळकांची टीका नीतीच्या दृष्टीने रास्त होती. रोगापासून बचावाच्या दृष्टीने मात्र पळणारेच बरोबर होते, हा या कहाणीतील एक विलक्षण योग.

याच काळात दुसरे एक तंत्र वेगळ्या मार्गाने पुढे येत होते. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगप्रतिबंधक लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. तीही सर्वस्वी निर्दोष नव्हती. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एका दूषित कुपीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले. त्याबद्दल हाफकिन यांना दोषी धरले गेले व अनेक वर्षांनी ते निर्दोष ठरले. तरीही लस ऐच्छिक राहिली म्हणून ती टिकली.

साथ मेअखेर ओसरली. नोंदलेले प्लेगमृत्यू दोन हजारांवर होते. समितीने याचे श्रेय स्वतःकडे घेतले. परंतु उन्हाळ्यात प्लेग आपोआप मंदावतो हे पुढील वर्षांच्या अनुभवाने दिसून आले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर तो पुण्यात अधिक तीव्रतेने परतला.

दरम्यान राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, २२ जून १८९७ रोजी, गणेशखिंडीतील गव्हर्नरांच्या निवासस्थानाहून परतताना दामोदर व बाळकृष्ण चापेकर यांनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावला, रँड ३ जुलै रोजी. दामोदर यांस १८ एप्रिल १८९८ रोजी व वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण यांस मे १८९९ मध्ये फाशी देण्यात आले. सरकारने शहरावर दंडात्मक जादा पोलीस बसविले. तक्रारींत पुढे असलेल्या सरदार नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या विनियमाखाली विनाचौकशी स्थानबद्ध केले. टिळकांना ‘केसरी’तील लिखाणाबद्दल सप्टेंबर १८९७ मध्ये अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या वेळी इंग्लंडमध्ये असलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे स्त्रियांवरील अत्याचाराचा आरोप जाहीरपणे केला. परंतु परत आल्यावर पत्रलेखक साक्षीस उभे राहीनात, तेव्हा त्यांनी बिनशर्त माफी मागितली. ती त्यांच्या स्वकीयांना दीर्घकाळ सलत राहिली. नातू बंधू अटकेत व संपादक तुरुंगात असता साक्ष देण्यास कोण पुढे येणार होते, याचा विचार गोखल्यांना दोष देणाऱ्यांनी क्वचितच केला. पुढील साथीत गोखले स्वयंसेवक म्हणून शहरात राबले.

मार्च १८९८ मध्ये मुंबईतही झडतीवरून दंगा उसळला. त्यानंतर सरकारने हळूहळू सक्ती सोडली. सैनिकांऐवजी स्थानिक स्वयंसेवक, बळाने विलगीकरणाऐवजी स्थलांतरास मदत व ऐच्छिक लसटोचणी हे धोरण आले. प्लेग त्याने थांबला नाही. पुढील सु. पंचवीस वर्षांत भारतात सु. एक कोटी माणसे त्याने मृत्युमुखी पडली. परंतु पुण्यातील १८९७ चा प्रसंग पुन्हा उद्‌भवला नाही.

साथरोग अधिनियम स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्ल्यूची साथ आली असता महाराष्ट्र शासनाने त्याचा आधार घेतला. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले कोरोनाबाधित रुग्णही पुण्यातच आढळले व त्याच आठवड्यात पुण्यासह काही शहरांत तो पुन्हा लागू झाला. या वेळी पेठांच्या नाक्यांवर बांबू व पत्रे आले, आणि झडतीची जागा काही अंशी भ्रमणध्वनीने घेतली. एप्रिल २०२० मध्ये आलेले ‘आरोग्य सेतू’ हे उपयोजन मे महिन्याच्या आरंभी कार्यालयीन कर्मचाऱ्यांना बंधनकारक करण्यात आले; त्यातील माहितीच्या वापराविषयी शंका व्यक्त झाल्या व महिन्याच्या मध्यास ही सक्ती शिथिल झाली. १६ जानेवारी २०२१ पासून पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली लस देशभर दिली जाऊ लागली. लस घेण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी दिला. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षा ठरविल्या. अधिकाऱ्यांना संरक्षण देणारे चौथे कलम मात्र कायम राहिले. केंद्र व राज्य यांच्या अधिकारांची स्पष्ट विभागणी नसल्याने हा कायदा अपुरा आहे, असे मत विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिले.